कोथिंबीर की पालक? तुलना मांडण्याची माझी वही

बाबांना रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली, वॉरफरिन, आणि घरात पहिली बंदी आली ती हिरव्या पानांवर. कुणीतरी आपुलकीनं सांगितलं होतं, "हिरवं काही देऊ नका, त्यात के जीवनसत्त्व असतं." पालक गेला, तो बाबांनी सोसला. पण जेवणावर भुरभुरायची कोथिंबीरही गेली, तेव्हा ते तीन दिवस नीट जेवले नाहीत. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "पालकात असेल काय असेल ते. पण चिमूटभर कोथिंबिरीत असून असून किती असणार? तू हिशेबाची माणूस. तूच सांग."

मला सांगता आलं नाही. बावीस वर्षं मी लोकांचे जमाखर्च तपासते आहे, आणि स्वयंपाकघरातल्या दोन हिरव्या पानांचा हिशेब मला येत नव्हता. त्याची लाज वाटली. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बंद कशाला केलं? बंद करायचं नसतं, प्रमाण सारखं ठेवायचं असतं." ही गोळी के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते. रोजच्या खाण्यातून जेवढं के पोटात जातं, ते धरूनच गोळीची मात्रा बसवलेली असते. के एकदम वाढलं की गोळी अपुरी पडते, एकदम घटलं की रक्त हवं त्याहून पातळ होतं. म्हणजे आमची बंदीही धोक्याचीच होती. (के हे नाव रक्त गोठण्यावरूनच पडलं. हेन्रिक डाम या डॅनिश शास्त्रज्ञाला १९२९ च्या सुमारास स्निग्ध पदार्थ काढून टाकलेला आहार दिलेल्या कोंबडीच्या पिल्लांमध्ये रक्तस्राव दिसला. त्यातून या जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि रक्त गोठणं या अर्थाच्या 'Koagulation' या जर्मन शब्दाचं पहिलं अक्षर त्याला मिळालं.)

त्या दिवशी घरी आल्यावर मी एक वही केली. कोथिंबीर आणि पालक यांची तुलना त्या वहीत जशी मांडत गेले, तशीच इथे सांगते. तुमची पानं दुसरी असतील, पार्स्ली आणि कोबी असेल किंवा पुदिना आणि गाजर. पद्धत तीच राहते.

प्रश्न अरुंद करा

"कोथिंबीर जास्त पौष्टिक की पालक?" हा प्रश्न वहीत उतरत नाही. पोषण हा एकच आकडा नसतो, तीसचाळीस आकडे असतात, आणि त्यातले काही एका बाजूला झुकतात तर काही दुसऱ्या. पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: कोणासाठी, कोणता घटक, आणि तो माणूस हे किती खाणार. मी लिहिलं, "बाबा. के जीवनसत्त्व. कोथिंबीर चिमूटभर, पालक अर्धा कप शिजवलेला." भाचीसाठी पुढे वेगळं पान केलं, तिचं लोह कमी होतं. त्याच दोन पानांची तुलना, पण उत्तर निराळं आलं. एका पानावर दोन माणसं घेऊ नका.

नोंद नेमकी निवडा

आकडे कुठून आणायचे? ज्या तक्त्यात दोन्ही पदार्थ आहेत असा एकच तक्ता घ्या आणि शेवटपर्यंत तो सोडू नका. मी अमेरिकेच्या कृषी खात्याचा फूडडेटा सेंट्रल वापरते, कारण त्यात के जीवनसत्त्वाचा रकाना भरलेला आहे आणि तो कोणालाही फुकट बघता येतो. एका तक्त्यातली कोथिंबीर आणि दुसऱ्या तक्त्यातला पालक शेजारी ठेवले, तर तुलना भाज्यांची होत नाही, प्रयोगशाळांची होते. माती, वाण, ऋतू, मोजण्याची रीत, सगळंच बदलतं.

तक्त्यात शोधताना मी स्वतः चुकले ते इथे. 'कोरिएंडर' असं टाकल्यावर पहिली नोंद दिसली ती धन्यांची. शंभर ग्रॅम धन्यांत ७०९ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ते मी कोथिंबिरीच्या रकान्यात उतरवलं आणि अर्धा दिवस खूश होते. आपल्याला हवी ती नोंद 'पानं, कच्ची' अशी असते. अमेरिकी तक्त्यात तिला सिलँट्रोही म्हणतात. तिसरी नोंद वाळवलेल्या पानांची. तिच्यात शंभर ग्रॅमला कॅल्शियम १२४६ मिलिग्रॅम आणि लोह ४२ मिलिग्रॅमच्या वर. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या 'कोथिंबिरीत पालकाच्या कितीतरी पट कॅल्शियम' छापाच्या मजकुराच्या मुळाशी बहुधा हीच गफलत असते. वाळवलेल्या पानांत पाणी सात टक्के उरलेलं असतं, ताज्यात बाण्णव. आणि वाळवलेली पानं शंभर ग्रॅम खातो कोण? एक चहाचा चमचा म्हणजे ०.६ ग्रॅम. त्यात कॅल्शियम साडेसात मिलिग्रॅम.

थोडक्यात, दोन्ही नोंदींत तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: झाडाचा भाग, ताजं की वाळलेलं, कच्चं की शिजवलेलं.

एकक पाहायलाही विसरू नका. के, फोलेट आणि अ जीवनसत्त्व मायक्रोग्रॅममध्ये असतात, क आणि खनिजं मिलिग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. अ जीवनसत्त्वाचं एकक तर तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. पानांत तयार अ नसतं, बीटा कॅरोटीन असतं, आणि शरीर त्यापासून अ बनवतं. जुन्या हिशेबात ६ मायक्रोग्रॅम कॅरोटीन म्हणजे १ मायक्रोग्रॅम अ धरत. २००१ पासून अमेरिकी हिशेबात त्यासाठी १२ धरतात. त्यामुळे तीच कोथिंबीर जुन्या तक्त्यात दुप्पट श्रीमंत दिसते. तिसरं एकक म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक, 'आययू'. त्यात आकडे हजारांत जातात. एका रकान्यात आययू आणि दुसऱ्यात मायक्रोग्रॅम असं झालं, तर पुढची सगळी आकडेमोड वाया. मी अशा वेळी सरळ बीटा कॅरोटीनच लिहून घेते: कोथिंबीर ३९३०, पालक ५६२६ मायक्रोग्रॅम.

आणि तक्त्यात रिकामा रकाना दिसला तर तिथे शून्य लिहू नका. रिकामा म्हणजे मोजलेलं नाही. शून्य म्हणजे मोजलं आणि सापडलं नाही. जमाखर्चात या दोन गोष्टींची गल्लत केली तर माझ्याकडे कुणी काम देणार नाही.

शंभर ग्रॅमचं पान

आता उजवं पान उघडा आणि फक्त तुम्हाला लागणाऱ्या ओळी उतरवा. सगळ्या उतरवायच्या मोहात पडू नका. माझं पान असं आहे, दोन्ही कच्चे, शंभर ग्रॅमला, आधी कोथिंबीर, मग पालक:

पाणी: ९२.२ ग्रॅम, ९१.४ ग्रॅम
उष्मांक: २३, २३
प्रथिनं: २.१ ग्रॅम, २.९ ग्रॅम
चोथा: २.८ ग्रॅम, २.२ ग्रॅम
कॅल्शियम: ६७ मिलिग्रॅम, ९९ मिलिग्रॅम
लोह: १.७७ मिलिग्रॅम, २.७१ मिलिग्रॅम
मॅग्नेशियम: २६ मिलिग्रॅम, ७९ मिलिग्रॅम
पोटॅशियम: ५२१ मिलिग्रॅम, ५५८ मिलिग्रॅम
क जीवनसत्त्व: २७ मिलिग्रॅम, २८ मिलिग्रॅम
फोलेट: ६२ मायक्रोग्रॅम, १९४ मायक्रोग्रॅम
के जीवनसत्त्व: ३१० मायक्रोग्रॅम, ४८३ मायक्रोग्रॅम
ल्युटिन आणि झियाझँथिन मिळून: ८६५ मायक्रोग्रॅम, १२१९८ मायक्रोग्रॅम

हे पान पहिल्यांदा पुरं झालं तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. उष्मांक अगदी सारखे. क जीवनसत्त्व जवळपास सारखं. पोटॅशियमही तसंच. चोथ्यात तर कोथिंबीरच पुढे. फोलेट पालकात तिप्पट, मॅग्नेशियमही तिप्पट, आणि डोळ्यांच्या पडद्यात साठणारं ल्युटिन चौदापट. म्हणजे ज्या पानाला आपण नुसती सजावट समजतो ते वजनास वजन पालकाच्या पंगतीत बसणारं आहे, काही बाबतींत मागे आहे, पण परकं नाही. मला कोथिंबिरीबद्दल तेव्हापासून खरा आदर वाटतो.

पण इथे थांबणाऱ्याचं उत्तर चुकतं. हे पान प्रयोगशाळेचं आहे, जेवणाचं नाही.

पाणी वजा करून बघा

जेवणाकडे जाण्याआधी एक छोटी पायरी. पालक आणि कोथिंबीर यांत पाणी जवळपास सारखं, त्यामुळे आमच्या जोडीत ही अडचण आली नाही. तुमच्या जोडीत येईल. पेपरमिंट जातीचा ताजा पुदिना घ्या. शंभर ग्रॅमला कॅल्शियम २४३ मिलिग्रॅम, पालकात ९९. अडीचपट! आता पाणी बघा. पुदिन्यात ७८.७ ग्रॅम, म्हणजे कोरडा भाग २१.३ ग्रॅम. पालकात कोरडा भाग ८.६ ग्रॅम. तोही अडीचपटच. कोरड्या भागाच्या दर ग्रॅमला भागलं तर दोघांतही कॅल्शियम साडेअकरा मिलिग्रॅमच्या आसपास येतं. पुदिन्याची ती आघाडी सगळीच्या सगळी पाणी कमी असण्याची होती.

दुसरा मार्ग म्हणजे शंभर उष्मांकांमागे किती, हे काढणं. पदार्थातला घटक भागिले त्याचे उष्मांक, गुणिले शंभर. कोथिंबीर आणि गाजर यांची तुलना मी अशी केली होती. गाजरात शंभर ग्रॅमला ४१ उष्मांक आणि अ जीवनसत्त्व ८३५ मायक्रोग्रॅम, कोथिंबिरीत ३३७. वजनावर पाहिलं तर कोथिंबीर गाजराच्या चाळीस टक्के. शंभर उष्मांकांवर पाहिलं तर गाजर २०३७, कोथिंबीर १४६५, म्हणजे बहात्तर टक्के. आकडे खरेच आहेत, फक्त भाजक बदलला. म्हणून वहीत प्रत्येक आकड्याखाली भाजक लिहा. ज्या तुलनेत भाजक लिहिलेला नाही ती मी वाचायचीच सोडून दिली आहे.

ताजेपणाही इथेच येतो. दोन दिवस उघडी राहून सुकलेली कोथिंबीर वजनाला हलकी होते, आणि तिचे शंभर ग्रॅम म्हणजे ताज्यापेक्षा जास्त पानं. उलट, धुऊन लगेच तोलली तर पाण्याचं वजन येतं. माझी शंभर ग्रॅम पानं धुतल्यावर ११८ भरली होती. धुवा, चाळणीत निथळू द्या, स्वच्छ कापडावर पसरून कोरडी करा, मगच काट्यावर ठेवा.

आता काटा काढा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि बहुतेक लोक तीच गाळतात. म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्वयंपाकघरातला साधा इलेक्ट्रॉनिक काटा एका ग्रॅमच्या टप्प्यांनी चालतो. चिमूटभर कोथिंबीर त्यावर ठेवली तर कधी शून्य दाखवतो, कधी एक, कधी दोन. त्यावर विश्वास ठेवू नका. मी बाबांनाच समोर बसवलं. वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि म्हटलं, "बाबा, रोज घेता तशी चिमूट यात टाका. दहा वेळा." त्यांनी अगदी मन लावून दहा चिमटी टाकल्या. काटा तेरा ग्रॅमवर थांबला. म्हणजे एक चिमूट १.३ ग्रॅम. जी गोष्ट एकेकटी मोजता येत नाही ती दहा घेऊन मोजायची आणि दहानं भागायची.

मग ३१० चा गुणाकार. शंभर ग्रॅमला ३१०, एका ग्रॅमला ३.१, आणि १.३ ग्रॅमला चार मायक्रोग्रॅम के. अमेरिकी शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी रोजचं पुरेसं प्रमाण १२० मायक्रोग्रॅम धरलं आहे, स्त्रीसाठी ९०. बाबांची चिमूट त्या १२० मधले चार.

पालक मात्र आम्ही शिजवूनच खातो. शिजवून निथळलेल्या पालकात शंभर ग्रॅमला के ४९४ मायक्रोग्रॅम. अर्धा कप म्हणजे ९० ग्रॅम, त्यात ४४४. चार आणि ४४४. शंभर ग्रॅमच्या पानावर पालक कोथिंबिरीच्या दीडपट होता, जेवणात तो एकशे अकरा पट झाला. बाबांचा प्रश्न खरा होता: असून असून किती असणार. तीन दिवस आम्ही त्यांना उगाच उपाशी ठेवलं होतं.

तुमच्या घरची मापंही अशीच मोजून ठेवा, कारण 'मूठभर' आणि 'थोडीशी' हे शब्द माणसागणिक बदलतात. माझी बारीक चिरलेली एक मूठ ११ ग्रॅम भरते, मुलाची १६. एक जुडी मुळांसकट १२० ग्रॅम होती, मुळं आणि जाड देठ काढल्यावर ७० उरली. तक्त्यातले आकडे खाण्याजोग्या भागाचे असतात, जुडीचे नाहीत. कोवळे देठ मात्र फेकू नका, ते खाण्याजोगेच आहेत.

आता उलटा प्रश्न विचारून बघा: पालकाच्या एका वाढणीइतकं मिळवायला कोथिंबीर किती लागेल? हा प्रश्न मला सगळ्यांत उपयोगी वाटतो, कारण त्याचं उत्तर काट्यावर ठेवता येतं. के साठी १४३ ग्रॅम, म्हणजे दोन जुड्या निवडून. अशक्य. फोलेटसाठी २११ ग्रॅम. त्याहून अशक्य. पण क जीवनसत्त्वासाठी? शिजवलेल्या अर्ध्या कप पालकात क फक्त ८.८ मिलिग्रॅम उरतं, आणि तेवढं ३३ ग्रॅम कच्च्या कोथिंबिरीत मिळतं. माझ्या तीन मुठी. वाटून किंवा सॅलडमध्ये घालून एवढी कोथिंबीर एका माणसाच्या पोटात सहज जाते. म्हणजे या एका बाबतीत कोथिंबीर भाजीच्या जागी उभी राहू शकते, आणि ते केवळ ती कच्ची खाल्ली जाते म्हणून.

शिजवल्यावर काय उरतं

कच्च्या आणि शिजवलेल्या नोंदींचे शंभर-शंभर ग्रॅम एकमेकांशी तोलू नका. पालक भांड्यात आक्रसतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मी निवडलेली २०० ग्रॅम पानं उकडून निथळली, पण पिळली नाहीत. १५० ग्रॅम भरली. तेव्हा कच्च्या नोंदीला दोननं आणि शिजवलेल्या नोंदीला दीडनं गुणायचं.

लोह: आधी ५.४, नंतर ५.४ मिलिग्रॅम. जसंच्या तसं. नुसती नोंद वाचली असती तर 'शिजवल्यानं लोह वाढतं' असा समज झाला असता, कारण शंभर ग्रॅमला ते २.७१ वरून ३.५७ झालेलं दिसतं. वाढलेलं काही नाही, पाणी गेलं. फोलेट: ३८८ वरून २१९ मायक्रोग्रॅम. क जीवनसत्त्व: ५६ वरून १५ मिलिग्रॅम, चौथा हिस्साच राहिला. क आणि फोलेट पाण्यात विरघळतात आणि उष्णतेनंही नासतात. कमी पाण्यात, झाकून, थोडाच वेळ शिजवलं तर नुकसान कमी होतं.

नुसतं ठेवूनही ते घटतात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात पाकीटबंद पालकावर झालेल्या अभ्यासात ४ अंश सेल्सियसला आठ दिवस ठेवलेल्या पानांत फोलेट निम्म्याच्या थोडं वर, ५३ टक्के, उरलं होतं. २० अंशांना तेवढीच घट चार दिवसांत झाली. म्हणून आठवडाभर जुना पालक आणि आजची कोथिंबीर यांची तुलना करताना तक्त्यातला पालकाचा आकडा पुरा धरू नका.

ताटातून अंगात

शेवटचा रकाना अंगी लागण्याचा. तो भरल्याशिवाय मी कुठल्याही खनिजाचा निकाल लावत नाही.

पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि आतड्यातून आत जाऊ देत नाही. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुधातलं कॅल्शियम सरासरी २७ टक्क्यांच्या वर शोषलं गेलं, पालकातलं ५ टक्के. अर्ध्या कप पालकात कॅल्शियम १२२ मिलिग्रॅम दिसतं, अंगी लागतं सहा. म्हणून माझ्या पानावर पालकाच्या कॅल्शियमवर लाल टिंब आहे, आणि त्या ओळीत मी त्याला विजयी म्हणत नाही. ज्यांना ऑक्झलेटचे मूतखडे होतात त्यांनी पालकाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमची ओळही बघावी लागते, आणि तिथे दोन्ही पानं वजनास वजन सारखीच आहेत.

लोहाचंही तसंच. वनस्पतीतलं लोह मांसातल्यापेक्षा कमी शोषलं जातं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते वाढतं, सोबत चहा किंवा कॉफी असेल तर घटतं. भाचीच्या पानावर मी तुलनाच मोडून टाकली. तिथे 'कोथिंबीर की पालक' असं न लिहिता 'पालक, वर कच्ची कोथिंबीर आणि लिंबू, चहा दोन तासांनी' असं लिहिलं. एकातलं लोह, दुसऱ्यातलं क. ती माझ्यापेक्षा शहाणी, म्हणाली, "मावशी, म्हणजे दोन्ही खायचं, एवढंच ना?" हो, पण लोहाची गोळी बंद करायची नाही, हे तिला बजावून सांगितलं. अर्ध्या कप पालकात लोह ३.२ मिलिग्रॅम असतं, कमतरता भरून काढायला ते पुरत नाही.

(पालकाच्या लोहाबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: एका शास्त्रज्ञानं दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिलं आणि पालकाचं लोह दहापट झालं. मीही ती बरीच वर्षं सांगत होते. ज्यांनी तिचा माग काढला त्यांना तसा पुरावा सापडला नाही. आता सांगत नाही.)

के, ई आणि कॅरोटीन यांना तेला-तुपाची सोबत लागते, ती स्निग्धात विरघळतात. कोरड्या सॅलडमध्ये घातलेली कोथिंबीर आणि चमचाभर तेलासोबतची कोथिंबीर यांत फरक पडतो. बाबांच्या बाबतीत हेही सारखं ठेवावं लागतं, तेल एक दिवस खूप आणि एक दिवस नाही असं चालत नाही.

वहीतलं बाबांचं पान

हा सगळा हिशेब घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पान शांतपणे वाचलं, दोन ठिकाणी पेन्सिलीनं खूण केली आणि त्यातून जे ठरलं ते आता स्वयंपाकघरात कपाटाच्या दारावर चिकटवलं आहे. तुम्हाला असं काही ठरवायचं असेल तर तुमच्या डॉक्टरांसोबतच ठरवा. गोळी, वय, बाकीचे आजार यांवर ते अवलंबून असतं.

आमचं असं आहे. रोज शिजवलेला पालक ४५ ग्रॅम, त्यात के २२२ मायक्रोग्रॅम. कोथिंबीर रोज १० ग्रॅम, त्यात ३१. पालक नसेल त्या दिवशी उकडलेली ब्रोकोली १५५ ग्रॅम, कारण तिच्यात शंभर ग्रॅमला के १४१ मायक्रोग्रॅम आणि गोळाबेरीज तेवढीच येते. पालकाच्या जागी कोथिंबीर कधीच नाही, ७२ ग्रॅम लागेल. पार्स्ली आली तर मोजल्याशिवाय वापरायची नाही. ती दिसते कोथिंबिरीसारखी, पण शंभर ग्रॅमला के १६४० मायक्रोग्रॅम, कोथिंबिरीच्या पाचपटींहून जास्त. दहा ग्रॅममध्येच १६४. ही ओळ मी लाल शाईनं लिहिली आहे, कारण पाहुण्यांकडे जेवताना नजर फसते.

चिमूटभर कोथिंबीर मागणाऱ्या बाबांना दहा ग्रॅम मिळाली, म्हणजे जवळजवळ आठ चिमटी. आता रोज सकाळी तेच काटा काढतात, चष्मा लावतात आणि पानं तोलतात. परवा आतून हाक आली, "अगं, आज बारा भरली. दोन काढू का?"

मी गुणाकार केला. दोन ग्रॅम, सहा मायक्रोग्रॅम.

"राहू द्या बाबा," मी म्हटलं, "घाला सगळी."